कुडाळचं बेट, मोहोळचं ऊन

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई मोहोळ तालुक्यात राहतात, शाळेत शिकवतात. माहेर कुडाळजवळचं. परसात बांबूचं बेट होतं, रात्री त्याच्या करकर आवाजात झोप लागायची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोडगूला (कूर्गला) गेल्या असताना त्यांनी एका कॉफीच्या मळ्यात मांडीएवढ्या जाडीचे बांबू पाहिले. तेव्हापासून मनात आहे की घरामागे असं बेट हवं, आणि दोन एकर उसातला एक एकर मोडून तिथेही हाच मोठा बांबू लावायचा. एका गृहस्थांनी एकरी २०० रोपं आणि पाच वर्षांनी हमीभावाने खरेदी असं सांगून आगाऊ पैसे मागितले आहेत. यजमान "तुला पटेल ते कर" म्हणतात. सासूबाई मात्र ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, वेळू लावणाऱ्याच्या तिरडीलाच त्याचा वेळू लागतो. ताई विचारतात, "अंधश्रद्धेपुढे मी का नमायचं? आणि बांबूला उष्ण हवा लागते, ती तर आपल्याकडे भरपूर आहे ना?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही सासूबाईंवर चिडलो. दुसऱ्यांदा एका ओळीपाशी अडलो. तुम्ही सहज लिहून गेलात, "दादा अजून त्या बेटातल्या काठ्या टेम्पोत भरून घाटावर पाठवतो. काटे नाहीत, बुडाला अगदी भरीव." ही खूण माणग्याची आहे. सिंधुदुर्गात परसात, बांधावर, कुंपणाला जो दिसतो तो बहुतेक माणगाच. आणि माणगा हा काही मोठ्या जातीचा बांबू नव्हे. काठी पंचवीस-तीस फूट, जाडी फार तर मनगटाएवढी. आठ वर्षांच्या मुलीला तेच बेट आभाळाला टेकलेलं दिसणार, त्यात नवल नाही.

म्हणजे तुमच्या मनात बेटं दोन आहेत. एक परसातलं, एक कोडगूच्या मळ्यातलं. पत्रात ती एकमेकांत मिसळली आहेत. झोप लागायची ती पहिल्यापाशी, पैसे मागितले जाताहेत ते दुसऱ्यासाठी.

आता उष्ण हवेचं. बांबूला ऊब लागते हे खरं, पण तुम्ही जोडशब्दातला अर्धा भाग कुडाळलाच ठेवून आलात. मोठ्या जातींना हवा लागते ती उष्ण आणि दमट. आपल्याकडे उष्ण आहे, दमट नाही. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी ओला टॉवेल दोरीवर टाकला तर पाऊण तासात पापडासारखा कडक होतो. कुडाळला तोच टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट लागतो म्हणून तुम्ही लहानपणी कुरकुर केली असेल. पानाचंही तेच होतं. पारा ४२ वर गेला म्हणून बांबू मरत नाही. कोरडा वारा पानातून जेवढं पाणी खेचतो तेवढं मुळं खालून पोचवू शकत नाहीत, तिथे तो हरतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी सोलापुरातल्या घरामागे अॅस्पर या मोठ्या बांबूच्या जातीची दोन रोपं लावली होती. एक उघड्यावर, पश्चिमेच्या कोपऱ्यात. दुसरं न्हाणीघराच्या मोरीपाशी, शेजारच्या कडुनिंबाच्या आडोशाला. पहिल्या उन्हाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास कोपऱ्यातल्या रोपाकडे पाहिलं तर त्याची पानंच दिसेनात. जवळ गेल्यावर कळलं, प्रत्येक पानाने स्वतःची गुंडाळी करून घेतली होती, दाभणासारखी. रात्री ती उलगडायची, सकाळी पुन्हा मिटायची. मी रोज दोन बादल्या पाणी ओतायचो. मे सरता सरता कडा करपल्या आणि जूनच्या पहिल्या पावसाला ते उठलंच नाही. मोरीपाशी असलेलं मात्र जगलं. दोन्ही रोपं एकाच दिवशी, एकाच ट्रेमधून आलेली. जगलेल्याच्या काठ्या सहाव्या वर्षी माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. मांडीएवढ्या अजून झालेल्या नाहीत आणि होतील अशी आशाही मी सोडून दिली आहे.

मोठा बांबू मोठा कसा होतो, हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. बांबू हे गवत आहे, उसाचा आणि ज्वारीचा भाऊबंद. झाडासारखं त्याचं खोड वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीचा वर येतो, त्याच जाडीची काठी होते. दोन-चार महिन्यांत ती पूर्ण उंची गाठते आणि मग वाढ संपली. पुढची तीन वर्षं ती फक्त पक्की होते. जाडी ठरते ती जमिनीखाली, कंदात. जुन्या काठ्यांच्या पानांनी वर्षभर जे अन्न तयार केलं, ते कंदात साठतं आणि पुढच्या पावसाळ्यातले कोंब त्या साठ्यावर येतात. म्हणून पहिल्या वर्षीचे कोंब पेन्सिलीएवढे, दुसऱ्या वर्षी बोटाएवढे, तिसऱ्या वर्षी अंगठ्याहून जाड. नीट पाणी मिळालं तर पाच-सात वर्षांत बेट आपल्या जातीच्या मापाला येतं.

(व्हॉट्सअॅपवर एका चिनी बांबूची गोष्ट फिरते, पाच वर्षं जमिनीवर काहीच दिसत नाही आणि मग सहा आठवड्यांत नव्वद फूट. शाळेत तुम्हीही मुलांना सांगितली असेल. ती खोटी आहे. पाच वर्षं काहीच वर आलं नाही तर रोप मेलंय, उकरून पाहा.)

साठ्याचा हा हिशोब समजला की त्या गृहस्थांचं, तुम्ही पत्रात कळवलेलं, "पहिली दोन वर्षं पाणी द्या, मग बघायला नको" हे वाक्य कुठे लंगडतं ते दिसेल. मानवेलसारख्या काटक जातीला ते एक वेळ चालेल. मोठ्या जातीला एका उन्हाळ्यात ताण बसला तरी ती मरणार नाही, पण पुढच्या पावसाळ्यातले कोंब बारीक येतील. म्हणजे पैसे मोठ्या बांबूचे मोजले आणि हाती काठ्या आल्या कुंपणाच्या.

आकड्यात बघू. कुडाळचा पाऊस ३,००० मिलिमीटर सहज ओलांडतो, आपल्या जिल्ह्याचा ५५० ते ६५० च्या आसपास घुटमळतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पाच बाय चार मीटरवर एक बेट धरलं तर त्याच्या वाट्याला कुडाळला ६०,००० लिटर येतं, मोहोळला १२,०००. कोकणातलं बरंचसं पाणी ओहोळातून समुद्राला जातं हे मान्य, तरी उरतं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि वर हवेतला ओलावा फुकट. माझ्या अंदाजाने भरलेल्या मोठ्या बेटाला आपल्या उन्हाळ्यात रोज ५०-६० लिटरच्या खाली भागत नाही. एकरात अशी २०० बेटं म्हणजे दिवसाला दहा-बारा हजार लिटर. रोज एक टँकर, ताई. उसापेक्षा कमीच, हे कबूल. पण उजनी धरणाच्या कालव्याचं आवर्तन लांबलं तर ऊस चाऱ्याला तोडून विकता येतो. पाच वर्षांचं बेट तसं विकता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोकणातला माणूस सांगणार नाही कारण त्याला ती भोगावीच लागत नाही. बांबूचे कोंब येतात जून ते ऑगस्टमध्ये. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग नुसते फिरून जातात, वारा सुटतो, ज्वारीच्या रानाला भेगा पडायच्या बेतात असतात. नेमक्या त्याच दिवसांत "पावसाळा आहे" म्हणून लोक ठिबक बंद करतात. मग गुडघ्याएवढे आलेले कोंब काळे पडतात, हाताने ओढले तर सहज निघून येतात. लोक कीड समजून औषध मारतात. बऱ्याचदा ती तहान असते. बेट तृप्त आहे की नाही हे पाहायचं तर पावसाळ्यात पहाटे कोंबाजवळ जा. टोकाशी थेंब लोंबत असतील, ते दव नव्हे, मुळांनी रात्रभर खालून वर ढकललेलं पाणी असतं. थेंब दिसले की समजायचं, आज पाणी नको.

जातींचं थोडक्यात सांगतो. जायगँटियस आणि अॅस्पर हे खरे राक्षस, ऐंशी-शंभर फुटांचे. कोडगूत तुम्ही पाहिलेला बहुधा ब्रँडिसी, तिकडच्या कॉफीच्या मळ्यांत तो बराच लावतात. हे तिन्ही आपल्याकडे शेतात, उघड्या वाऱ्यावर लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. घराच्या आडोशाला एक-दोन बेटं, हौस म्हणून, चालतील. बाल्कोआ हा मोठ्यांतला त्यातल्या त्यात सोशिक. जाड सालीचा, पन्नास-साठ फूट जाणारा, पाणी असेल तर घाटावरही बऱ्यापैकी येतो. त्याचीच ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) निवड बाजारात भीमा नावाने मिळते. नाव ऐकून आपल्या नदीकाठचं वाण समजू नका, आमच्या एका मित्राने समजलं होतं. कळकही मोठा होतो आणि ऊन सोसतो, पण त्याचे काटे असे की एकदा बेट दाटलं की मधली काठी काढायला माणूस मिळत नाही. आणि मानवेल, जी विदर्भात जंगलभर आहे, ती आपल्या पावसावर तगते. बारीक पण भरीव.

इथे बाजाराचा मुद्दा येतो. मोठा बांबू म्हणजे जास्त पैसा, हे तुम्ही गृहीत धरलंय. आपल्या भागात बांबू कोण घेतं ते आठवा. सांगोल्याचे डाळिंबवाले फांद्यांना आधार द्यायला घेतात, पंढरपूर-बार्शीकडचे द्राक्षवाले, करमाळ्याकडचे केळीवाले, टोमॅटोवाले, मंडपवाले. यातल्या बहुतेकांना हवी असते सरळ, भरीव, एका हाताने उचलेल अशी काठी. तुमचे दादा टेम्पो भरून घाटावर पाठवतात ती नेमकी हीच! मांडीएवढा पोकळ बांबू डाळिंबाखाली उभा करून काय करणार? त्याला लागतो कारखाना, आणि कारखान्याचा भाव पडतो टनावर, त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होऊन.

म्हणून त्या गृहस्थांना आगाऊ पैसे देण्याआधी करार वाचायला मागा. भाव काठीवर की वजनावर, ओल्या वजनावर की वाळलेल्या, तोडणार कोण, गाडीभाडं कुणाचं, आणि पाच वर्षांनी कंपनीने फोन उचलला नाही तर काय, एवढं त्यात असायला हवं. शिवाय याच जिल्ह्यात त्यांनी लावून दिलेलं चार-पाच वर्षांचं एक रान दाखवायला सांगा. फोटो नको, रान. मे महिन्यात. नाही दाखवलं तर उत्तर मिळालं. ईमू पाळायची साथ आली होती तेव्हाही परत खरेदीचे करार होतेच, आणि नंतर ते पक्षी माळावर फिरताना मी पाहिलेत. एक मात्र खरं, २०१७ च्या कायदेबदलानंतर खाजगी रानातला बांबू कायद्याने वृक्ष राहिलेला नाही, त्यामुळे तोड-वाहतुकीच्या परवान्याची जुनी कटकट गेली. रोजगार हमीतूनही बांबू लागवडीला मदत मिळते. ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकांकडे आधी चौकशी करा, मग रोपांच्या मागे लागा.

आता सासूबाई. तिरडीची ती म्हण माझ्या आजीच्याही तोंडी होती. वाद घालायचाच तर गुढीची काठी, लग्नातलं सूप, बाळाचा पाळणा सगळं वेळूचंच असतं, हे सांगता येईल. पण त्याने त्या गप्प होतील, पटेल असं नाही. मला वाटतं तुम्ही त्यांना एकच विचारावं: ७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता, पाणी कुठून आणायचा? आणि मग मधे न बोलता ऐकावं. ज्या बाईने खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं पाहिली, विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरलेलं पाहिलं, तिला चाळीस वर्षं जागा न सोडणाऱ्या आणि रोज पाणी मागणाऱ्या पिकाची धास्ती वाटणारच. ती धास्ती त्यांना "पाण्याचं काय" अशा शब्दांत मांडता येत नसेल, म्हणून तिरडी पुढे येते. दुसरंही असेल: परसात जळण, धुणं, वाळवणं त्या करतात, तिथे पाला पडणार, साप-किरडाची भीती. या दोन्ही शंका रास्त आहेत. तुम्ही अंधश्रद्धा म्हणून पत्रात एका ओळीत निकाल लावलात, तो मागे घ्या असं सुचवतो.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर ऊस मोडला नसता. मोहोळचंच उदाहरण घ्या. मालदांडी ३५-१ ज्वारी याच तालुक्यातल्या केंद्रावर, इथल्याच गावरान ज्वारीतून निवडली गेली आणि इतक्या वर्षांनीही लोक तीच पेरतात, कारण ती इथल्या काळ्या रानात, इथल्या थंडीच्या ओलीवर निवडलेली आहे. बांबूलाही तशी परीक्षा द्यायला लावा. शेताच्या पश्चिम बांधाच्या आत, बांधापासून दहा फूट सोडून (नाहीतर सावलीवरून शेजाऱ्याशी कायमचं भांडण), मानवेल आणि माणगा मिळून वीसेक रोपं. उसाच्या ठिबकची एक नळी तिकडे वळवा. चार उन्हाळे गेले की कोणती टिकते ते दिसेल, आणि पहिल्या काठ्या सांगोल्याच्या गाडीत टाकून भावही कळेल.

आणि घरामागे दोन बेटं. एक बाल्कोआचं, तुमच्या कोडगूच्या हौसेसाठी. भिंतीपासून, हौदापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब. हे बांबू बेट करून राहणारे आहेत, हरळीसारखे धावत सुटत नाहीत, तरी घेर वाढत जातो. काळ्या रानात खड्डा करून रोप खाली बसवलं तर सप्टेंबरच्या पावसात कंद पाण्यात उभा राहून कुजेल, तेव्हा दीड फूट उंच गादी करा आणि तीवर लावा. दोन घमेली शेणखत, थोडी निंबोळी पेंड, वर उसाचं पाचट वीतभर जाड. पाचटाचं मोल कोकणात कळणार नाही, आपल्याकडे तेच बेटाची छत्री आहे. ते नसेल तर मार्चपासून भेगा पडतात आणि बारीक मुळं तटातट तुटतात. बांबूचा स्वतःचा पाला तर मुळीच झाडून जाळू नका. त्यात सिलिका असते, ती बेटाला परत हवी असते. सासूबाईंची वाळवणाची बाजू तेवढी झाडून पाला बेटाखालीच लोटा.

पाणी न्हाणीघराचं आणि भांड्यांचं. चार माणसांच्या घरात दोन बेटांना पुरेल एवढं ते रोज निघतं. कपड्यांचं पाणी मात्र वेगळं काढा. आपल्या मातीत आधीच चुना, त्यात धुण्याची पावडर गेली की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मी दोन वर्षं युरिया घालत होतो, आणि दोष साबणाचा होता.

काठी तोडायची घाई करू नका, निदान चार वर्षं. पुढेही तीन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही, तीच कंदाला पोसते. काठ्यांचं वय ओळखणं अवघड जातं म्हणून दर दिवाळीला त्या वर्षीच्या नव्या काठ्यांवर ऑइलपेंटने साल लिहून ठेवा, मुलांना आवडतं हे काम. तोड दिवाळीनंतर ते माघापर्यंत, पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या जरा वर, म्हणजे बुडख्यात पाणी साचणार नाही.

दुसरं बेट माणग्याचं, आणि त्याचं रोप विकत घेऊ नका. मेच्या सुट्टीत माहेरी जालच. दादांना सांगा, गेल्या पावसाळ्यात आलेली एक काठी निवडून ती तीन-चार फुटांवर कापायची आणि कंदासकट उकरायची. जुनी काठी नको, तिच्या कंदातले डोळे झोपलेले असतात. कंद ओल्या गोणपाटात, आत थोडी तिथलीच माती, आणि बांधताना डोळ्यांवर दोरी येऊ द्यायची नाही. मोहोळला आल्यावर पाऊस पडेपर्यंत मोरीपाशी सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. एसटीने येणार असाल तर कंडक्टर त्या गठ्ठ्याचं वेगळं तिकीट फाडेल, ते मुकाट्याने घ्या. लावायची जागा मात्र सासूबाईंनाच दाखवायला सांगा.